बाऊन स्ट्रीटवरून क्वेकरांच्या दारात

शुक्रवार

न्यूयॉर्कला गेलेला मराठी माणूस क्वीन्समधल्या फ्लशिंगला जातो तो बहुधा गणपतीसाठी, आणि खरं सांगायचं तर देवळाच्या तळघरातल्या कँटीनमधल्या डोशासाठी. आम्हीही तसेच गेलो. माझा मामेभाऊ तिथून जवळ राहतो. सात नंबरची मेट्रो शेवटच्या स्टेशनावर, मेन स्ट्रीटला, सोडते. बाहेर आलं की चिनी पाट्या, वाफाळते मोमो, भाजीचे ढीग आणि चालायला जागा नाही. त्यातून वाट काढत पूर्वेला सरकलं की गर्दी विरळ होते आणि बाऊन स्ट्रीट लागतो.

देऊळ दाक्षिणात्य धाटणीचं आहे. ४ जुलै १९७७ रोजी इथे प्राणप्रतिष्ठा झाली. त्याआधी या जागेवर रशियन ऑर्थोडॉक्स चर्च होतं. आरती झाली, डोसा झाला, कॉफी झाली. बाहेर आल्यावर मी रस्त्याची पाटी पाहिली. २०२२ पासून या तुकड्याला 'गणेश टेम्पल स्ट्रीट' असं जोडनाव मिळालंय, पण मूळ नाव बाऊनच.

"हा बाऊन कोण रे दादा?"

"असेल कुणी जमीनदार. इथे सगळ्या रस्त्यांना तसलीच नावं."

वहिनीने त्याला तिथेच अडवलं. "काहीतरीच काय सांगताय तिला? तुरुंगात गेलेला माणूस आहे तो. क्वेकर होता. त्याचं घर याच रस्त्यावर आहे, पुढे टोकाला."

क्वेकर म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी वर्ध्याची. आमच्याकडे सेवाग्रामच्या नई तालीमची गोष्ट निघाली की मार्जोरी साईक्स यांचं नाव येतंच. इंग्लंडहून १९२८ साली मद्रासला शाळेत शिकवायला आलेल्या, शांतिनिकेतनात राहिलेल्या, पुढे सेवाग्रामला शिक्षकांना घडवणाऱ्या या बाई क्वेकर होत्या. एवढंच माहीत होतं. क्वेकर म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

वहिनीने लगेच कार्यक्रम आखला. उद्या बाऊनचं घर, परवा रविवार, तर क्वेकरांचं मीटिंग हाऊस, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं सभागृह. दादा म्हणाला की शनिवारी त्याला गाडी धुवायची आहे.

शनिवार

देवळापासून उत्तरेकडे सरळ चालत निघालो. वाटेत आडव्या येणाऱ्या गल्ल्यांची नावं होली, चेरी, बीच, अ‍ॅश अशी झाडाझुडपांची. फ्लशिंग हे एके काळी रोपवाटिकांचं गाव होतं, आणि त्यातली पार्सन्स यांची नामांकित रोपवाटिका क्वेकर घराण्याचीच. या रस्त्यावर आणि आजूबाजूला सिनेगॉग, मशीद, गुरुद्वारा, कोरियन चर्च अशी एवढी दाटी आहे की मी मोजणं सोडून दिलं.

वीसेक मिनिटांत बाऊन हाऊस आलं. उंच इमारतींच्या मधोमध बागेत बसलेलं लाकडी घर, उतरत्या छपराचं. सर्वांत जुना भाग १६६१ च्या सुमाराचा. एकाच घराण्याच्या नऊ पिढ्या इथे राहिल्या, थेट १९४५ पर्यंत. आता संग्रहालय आहे. आतून पाहायच्या वेळा मोजक्याच, त्यामुळे आम्ही कुंपणाबाहेरून फिरलो आणि वहिनीने तिथल्याच एका बाकावर बसून मला सगळी हकिगत सांगितली. घरी आल्यावर मी रात्री जागून बाकीचं वाचलं. दोन्ही मिळून जे हाती लागलं ते असं.

तेव्हा न्यूयॉर्क नव्हतं. डचांची वसाहत होती, न्यू नेदरलँड. ती चालवत होती एक व्यापारी कंपनी, डच वेस्ट इंडिया कंपनी. आपल्याला कंपनी सरकार समजवायची गरज नाही. फ्लशिंगच्या जमिनीवर मूळचे मॅटिनकॉक लोक राहत. १६४५ साली डच गव्हर्नर कीफ्टने तिथे वसायला आलेल्या इंग्रजांना सनद दिली. हॉलंडच्या रीतीप्रमाणे तुम्हाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य राहील, कुणी त्रास देणार नाही, असं त्या सनदेत लिहिलेलं होतं. गावाचं नावही हॉलंडमधल्या व्लिसिंगन बंदरावरून पडलं, इंग्रजांच्या तोंडी त्याचं फ्लशिंग झालं.

पुढचा गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट. एक पाय लाकडी, बाप पाद्री, स्वभाव करडा. डच रिफॉर्म्ड चर्चखेरीज दुसऱ्या पंथाच्या सभा त्याने १६५६ च्या हुकमाने बंद पाडल्या. १६५४ मध्ये ब्राझीलहून पळून आलेल्या ज्यूंना हाकलायचाही त्याने प्रयत्न केला होता. तेव्हा कंपनीनेच त्याला आवरलं, कारण कंपनीच्या भागधारकांत ज्यू होते.

मग १६५७ च्या ऑगस्टमध्ये क्वेकर आले. इंग्लंडात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेला हा ख्रिस्ती पंथ तेव्हा अगदी कोवळा होता. त्यांचं म्हणणं असं की देवाचा उजेड प्रत्येकाच्या आत आहे, मध्ये पाद्री कशाला? शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही, आणि बायकांनीही खुशाल प्रवचन करावं. न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यात दोन तरुण बायका, डोरोथी वॉ आणि मेरी वेदरहेड, उभ्या राहून बोलू लागल्या, अंगात कापरं भरलं, लोक घाबरले. दोघींना कैदेत टाकून हद्दपार केलं. रॉबर्ट हॉजसन नावाच्या तरुणाचे तर फार हाल झाले. दंड भर, नाहीतर हातगाड्याला साखळीने बांधून काम कर, अशी शिक्षा. त्याने दोन्हीला नकार दिला, तेव्हा फटके मारले, हात बांधून टांगलं. शेवटी स्टायव्हेसंटच्या सख्ख्या बहिणीने भावाकडे रदबदली केली म्हणून तो सुटला.

यानंतर हुकूम निघाला की एका रात्रीसाठीसुद्धा क्वेकराला घरात घेतलं तर दंड, आणि दंडातला अर्धा वाटा चुगली करणाऱ्याला.

आणि इथे फ्लशिंगची माणसं उभी राहिली. २७ डिसेंबर १६५७ रोजी गावच्या कारकुनाने, एडवर्ड हार्टने, गव्हर्नरला एक अर्ज लिहिला. त्यावर तीस जणांनी सह्या केल्या, लिहिता न येणाऱ्यांनी खुणा केल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं: हॉलंडमध्ये प्रेम, शांती आणि मोकळीक ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन यांनाही मिळते, कारण सगळीच आदमची लेकरं, तेव्हा कुणी प्रेमाने आमच्या दारी आलं तर आम्ही त्याच्यावर हात उगारू शकत नाही. आणि शेवटी त्यांनी सनदेची आठवण करून दिली. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. बायबलचे दाखले सगळे दिले, पण कागदपत्रही पुढे ठेवले. गावचे लोक कुठलेही असोत, सातबारा विसरत नाहीत.

सह्या करणाऱ्यांत क्वेकर एकही नव्हता. दुसऱ्यासाठी अर्ज होता तो.

स्टायव्हेसंटने काय केलं असेल ते सांगायला नको. हार्टला कोठडीत टाकलं. गावचा फौजदार टोबायस फीक याची नोकरी गेली. दोन पंचांनी माघार घेतली. हार्टनेही काही आठवड्यांनी माफी मागून सुटका करून घेतली. आज त्या अर्जाला अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याची पहिली पायरी म्हणतात, १९५७ साली त्याच्या त्रिशताब्दीला टपाल खात्याने तीन सेंटचं तिकीट काढलं, शाळेत मुलं त्यावर प्रकल्प करतात. पण त्या हिवाळ्यात फ्लशिंगमध्ये कुणालाही आपण जिंकलो असं वाटलं नसणार. मला हे लोक मोठे वाटतात ते सही केली म्हणून. नंतर माघार घेतली, तर पोरंबाळं असलेल्या माणसांना त्यासाठी नावं ठेवायला मी कोण?

यानंतर बाऊन. डर्बीशायरमधल्या मॅटलॉकचा, जन्म १६२७ चा. १६४९ मध्ये बोस्टनला आला, मग फ्लशिंगला. त्याची बायको हॅना ही फीकच्या नात्यातली, आणि आधी क्वेकरांकडे वळली तीच. नवरा मागून आला. सभा रानात भरायच्या, त्या बाऊनने आपल्या घरात भरवायला सुरुवात केली, आम्ही ज्याच्या कुंपणाला टेकलो होतो त्याच घरात. सप्टेंबर १६६२ मध्ये त्याला पकडून नेलं. दंड पंचवीस पौंड. याने एक पैसा भरायचं नाकारलं. काही महिने कोंडून ठेवल्यावर स्टायव्हेसंटने त्याला जहाजात बसवून युरोपला पाठवून दिलं. कटकट गेली.

गेली नाही. जहाजाने आयर्लंडला उतरवलं, तिथून हा गृहस्थ इंग्लंडमार्गे अ‍ॅमस्टरडॅमला पोचला आणि थेट कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. हे सगळं त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय. एप्रिल १६६३ मध्ये संचालकांनी स्टायव्हेसंटला पत्र धाडलं. त्यात माणसाचं मन मोकळं राहिलं पाहिजे वगैरे सुंदर वाक्यं आहेत. पण त्याआधी एक रोखठोक मुद्दाही आहे: हे पंथवाले आम्हालाही नकोच आहेत, पण असं छळायला लागलात तर लोक वसाहतीत यायचे थांबतील. म्हणून डोळेझाक करा.

बाऊन १६६४ च्या जानेवारीत घरी परतला. त्याच वर्षी इंग्रजांनी वसाहतच घेतली आणि स्टायव्हेसंटची सद्दी संपली.

वहिनीचं मत असं की सगळं श्रेय बाऊनचं. मला वाटतं कंपनीच्या खतावणीचंही आहे. आम्ही यावर घराबाहेरच्या बाकावर बराच वेळ भांडलो. समोरच एक दगड आहे, १६७२ साली जॉर्ज फॉक्स स्वतः इथे आला आणि ओकच्या झाडांखाली बोलला त्याची खूण. घरात माणसं मावेनात म्हणून बाहेर. झाडं केव्हाच गेली. आणि चार पावलांवर, बाऊन स्ट्रीटच्याच कोपऱ्यावर, एक जुनं विटांचं चर्च आहे. कुणाचं म्हणाल? मूळचं रिफॉर्म्ड चर्च, म्हणजे स्टायव्हेसंटच्याच पंथाचं.

रविवार

मीटिंग हाऊस नॉर्दर्न बुलेव्हार्डवर आहे, बाऊन हाऊसपासून चालत काही मिनिटांवर. रस्ता भलामोठा, ट्रकांचा अखंड आवाज, समोर १८६२ चं टाऊन हॉल तोऱ्यात उभं. त्यासमोर ही इमारत इतकी दबून आहे की आम्ही दोघी पुढे निघून गेलो असतो. काळपट लाकडी फळ्यांची, दोन मजली, आणि तिच्या डोक्यावर चारी बाजूंनी उतरणारं भलतंच उंच छप्पर. त्यात ती रस्त्याकडे पाठ करून बसलीय. तोंड दक्षिणेला, मागच्या दफनभूमीकडे. हिवाळ्यात ऊन मिळावं म्हणून घराचं तोंड दक्षिणेला ठेवायची त्या काळी इथे रीत होती. रस्ता नंतर केवढाही होऊ दे, तिने तोंड फिरवलं नाही.

जमीन बाऊन आणि इतरांनी १६९२ मध्ये घेतली, इमारत १६९४ मध्ये उभी राहिली. तो मूळ भाग म्हणजे आजच्या इमारतीचा पूर्वेकडचा एकतृतीयांश. बाकीचं १७१६ ते १७१९ मध्ये वाढवलं. बाऊन १६९५ मध्ये वारला, म्हणजे त्याला ही सभा जेमतेम पाहायला मिळाली. तोवर तीसेक वर्षं लोक त्याच्या घरीच जमत होते.

आत गेलो. मूर्ती नाही हे अपेक्षित होतं, पण क्रूससुद्धा नाही. वेदी नाही, व्यासपीठ नाही, ऑर्गन नाही, रंगीत काचा नाहीत. साधे लाकडी बाक, एकमेकांकडे तोंड करून मांडलेले. डोक्यावर कुऱ्हाडीने तासलेल्या ओकच्या जाडजूड तुळया. सेवाग्रामला बापूकुटीत पहिल्यांदा गेलं की काही क्षण 'एवढंच?' असं वाटतं ना, तसं झालं.

अकराच्या सुमारास लोक येऊन बसले. मोजकीच माणसं, त्यात वयस्कर जास्त, एक आई आणि तिचं पुस्तकात डोकं घातलेलं पोर. 'सुरू झालं' असं कुणीच म्हणालं नाही. सगळे गप्प झाले, इतकंच.

पहिली दहा मिनिटं मी बाहेरचे ट्रक ऐकत होते. पुढची दहा मिनिटं माझा गुडघा. मग लाकूड अधूनमधून कडकडतं ते ऐकू यायला लागलं. ध्यानाच्या वर्गात सूचना देणारा कुणीतरी असतो, देवळात मंत्र असतात. इथे हाताला धरून नेणारं काहीच नाही. मनाची नुसती पंचाईत होते. बऱ्याच वेळाने एक आजी उठल्या, आजारी शेजारणीबद्दल दोन-तीन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. त्यावर कुणी मान हलवली नाही, आमेन म्हटलं नाही, उत्तर दिलं नाही. ते बोलणं तसंच राहू दिलं. ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्यानेच उठायचं, आणि नाही वाटलं तर तासभर कुणीच बोलत नाही, हे मला नंतर कळलं. तास संपल्यावर शेजारच्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं, मग सगळ्यांनीच एकमेकांशी. झाली प्रार्थना.

यानंतर चहापाणी आणि गप्पा. तिथल्याच एका सभासद बाईंनी आम्हाला इमारत दाखवली. आम्ही भारतातल्या म्हटल्यावर त्यांनी होशंगाबादचं नाव घेतलं, क्वेकरांचं जुनं काम तिथे आहे. मी मार्जोरी साईक्स यांचं नाव घेतलं, सेवाग्रामनंतर त्याही होशंगाबादजवळच्या रसूलियाच्या केंद्रात राहिल्या होत्या. बाईंना ते नाव माहीत होतं. वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली.

न्यूयॉर्क राज्यात आजही वापरात असलेलं सर्वांत जुनं प्रार्थनास्थळ म्हणून या वास्तूचा मान आहे. १९६७ मध्ये तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. वापर अखंड आहे असं म्हणताना मध्ये एक खंड मात्र सांगावा लागतो. १७७६ मध्ये अमेरिकन क्रांतियुद्धात ब्रिटिश फौजेने ही इमारत बळकावली आणि १७८३ पर्यंत तिचा तुरुंग, दवाखाना, कोठार असा उपयोग केला. शस्त्राला हात न लावणाऱ्यांच्या सभागृहात बंदुकवाले. आणि ज्याच्यावर तुरुंगवासाची पाळी आली त्याने उभारलेल्या घरात कैदी. युद्ध संपताच क्वेकर परत येऊन बाकांवर बसले.

सगळंच उजळ आहे असंही नाही, आणि बाईंनी ते लपवलं नाही. फ्लशिंगच्या सुरुवातीच्या क्वेकरांतल्या काहींच्या घरी गुलाम होते. स्वतःच्या मनाची मोकळीक मागणाऱ्यांना दुसऱ्याच्या पायातली बेडी खटकायला बराच वेळ लागला. खटकलेल्या पहिल्या काहींत इथलाच विल्यम बर्लिंग होता, त्याने १७१८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लिहिलं. न्यूयॉर्कच्या क्वेकरांचं वार्षिक संमेलन तेव्हा याच सभागृहात भरे, म्हणजे हा वाद याच तुळयांखाली घातला गेला असणार. सगळ्या समाजाने गुलाम ठेवणं सोडायला १७७० चं दशक उजाडलं. मतावर आले की क्वेकर चिवट, पण मत बनवायला संथ: सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ठराव नाही, मतदान तर नाहीच. आमच्या हाउसिंग सोसायटीत ही पद्धत आणली तर पाण्याची टाकी कधीच बांधून होणार नाही.

मागच्या दफनभूमीत गेलो. गवत, मोठी झाडं, पलीकडे उंच इमारती. दगड थोडे आणि बुटके. जुन्या क्वेकरांना थडग्यावर दगड लावणं हा बडेजाव वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे तशी परवानगीच नव्हती. त्यामुळे ज्याच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे, तो जॉन बाऊन इथेच कुठेतरी आहे, पण नेमका कुठे ते दाखवता येत नाही. वहिनीने चपला काढून नमस्कार केला. कुठल्या दिशेला करायचा हे न कळल्याने मी सगळीकडेच केला.

सोमवार

आज दादाला सुट्टी होती आणि त्याला मॅनहॅटन दाखवायचं होतं. मी अट घातली, दोन ठिकाणं माझी.

पहिलं दक्षिण टोकाला. बाऊनला नेलं तो डच किल्ला जिथे होता तिथे आता जुनं कस्टम हाऊस आहे, खांबांचं, पुतळ्यांचं, आणि आत मूळ अमेरिकन लोकांचं संग्रहालय. आत भरपूर पाहण्यासारखं आहे, पण ते वेगळं लिहावं लागेल. दुसरं बावरी भागातलं सेंट मार्क्स चर्च. स्टायव्हेसंटची स्वतःची वाडी इथे होती, त्याचं खासगी प्रार्थनाघरही. आजचं चर्च १७९९ चं. स्टायव्हेसंट तिथल्याच तळघरात आहे, बाहेर भिंतीत नावाचा दगड आहे, आवारात अर्धपुतळाही आहे. त्याच्या वंशातला शेवटचा पुरुष १९५३ मध्ये गेला, त्यालाही इथेच ठेवलं.

दादा दगड वाचून म्हणाला, "हरलेल्या माणसाची ही सोय बघ, आणि तुझ्या जिंकलेल्याचं थडगं सापडत नाही."

वहिनी म्हणाली, "तो जिंकला म्हणूनच तर तुमच्या गणपतीला जागा मिळाली हो."

"गणपतीला जागा पैसे मोजून घेतली. देणग्या गोळा केल्यात लोकांनी."

हा वाद जेवणापर्यंत पुरला. माझा कल या वेळी दादाकडे होता, पण मी बोलले नाही, कारण मुक्काम वहिनीकडे होता. त्याऐवजी मी विचारलं की तो सह्यांचा मूळ अर्ज कुठे आहे. वहिनीला तेही ठाऊक होतं: राज्याच्या दप्तरखान्यात, अल्बनीला. १९११ मध्ये तिथल्या विधानभवनाला आग लागली, तेव्हा या अर्जाच्या कडा जळाल्या, पण मजकूर वाचला.

"अल्बनी किती लांब?"

"गाडीने तीन तास," दादा म्हणाला. "एवढं जाऊन बघायचं काय, तर जळका कागद. आणि तो ते बाहेर काढून दाखवतील कशावरून?"

वहिनीने फोन काढून दप्तरखान्याला ईमेल लिहायलाही घेतली होती. मला तिने एवढंच विचारलं, पुढच्या आठवड्यात गुरुवार चालेल की शुक्रवार.